पंधरा अक्षरांच्या आत

माझ्या भावाची मुलगी जन्मली तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला होत होता. वहिनी टाके सांभाळत वरच्या मजल्यावर पडून होती, भाऊ हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मोबाईल चालू-बंद करत होता, आई घरी देव पाण्यात घालून बसलेली, आणि मी आपली बाळाच्या काचेच्या पेटीवरच्या चिठ्ठीकडे बघून जळफळत होते. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘बेबी ऑफ’, पुढे वहिनीचं नाव, आणि खाली एक नंबर. बास. शेजारच्या पेटीवरही तेच, फक्त आई वेगळी.

बाळ दिवस भरायच्या खूप आधी आलेलं. माजिवड्याला हायवेजवळ ते हॉस्पिटल होतं. रोज ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर मी तिथे जायचे, काचेतून बघायचे आणि घरी फोन करायचे. घरी सांगायचं तरी काय? “बेबी बरी आहे.” बेबी! आमच्या बिल्डिंगमध्ये साठीच्या एक बाई आहेत, अजून सगळे त्यांना बेबीताईच म्हणतात. जन्मताना कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. हिचं तसं होऊ नये असं मला सारखं वाटायचं, आणि मग वाटायचं, झालं तरी चालेल बाई, साठीची होऊ दे फक्त.

नाव माझ्याकडे तयार होतं. आत्या मी. आमच्यात बारशाला आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तोवर नाव फोडायचं नसतं. वहिनीला सातवा लागला तेव्हापासून मी ते नाव तोंडात धरून होते, आणि आता ते कुठे ठेवू तेच कळेना.

आईचं म्हणणं ठरलेलं. “बारसं घरी. बाळ उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय कुणी नाव काढायचं नाही.” मी म्हटलं, “अगं, ती तिकडे एकटी सुयांमध्ये पडलीय, तिला कुणीतरी हाक मारायला नको?” तर म्हणे, “तुला काय कळतंय त्यातलं.” भाऊ तर त्याहून वरचा. तो आत जाऊन बाळ बघायलाच तयार नव्हता. “ताई, नाव नको. आत्ता नको. नाव ठेवलं ना, की मग…” पुढे बोलायचाच नाही. मला त्याचा इतका राग यायचा! बाप आहेस ना रे, बघ तरी एकदा. पण त्याचा चेहरा बघून मी गप्प बसायचे, आणि तो राग ऑफिसात नेऊन तिथल्या लोकांवर काढायचे.

ऑफिस वागळे इस्टेटला. खाली पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना, वर आमचा गाळा. शाळांच्या बसगाड्या कुठे पोचल्या ते पालकांना मोबाईलवर कळवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळीकडच्या शाळा. त्याचे सर्व्हर सांभाळायचं काम माझं. म्हणजे दिवसभर स्क्रीनवर एक यादी बघायची: कुठले प्रोग्रॅम चालू आहेत, कुठला अडकलाय, कुठला मेला.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला आम्ही प्रोसेस म्हणतो. आणि या प्रोसेसना नाव कोण देतं? मशीनच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो, तो. नवीन लागलेल्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी ती जांभया देतात. त्या दिवसांत मात्र शिकवता शिकवता माझाच आवाज बसायचा. कारण गंमत अशी, की कोणतीही प्रोसेस आकाशातून पडत नाही. आधीच चालू असलेली एखादी प्रोसेस स्वतःसारखीच दुसरी काढते. आम्ही पहिलीला पालक म्हणतो, दुसरीला मूल. खरंच, पुस्तकातही तेच शब्द आहेत, मी बनवलेले नाहीत. आणि ते मूल जन्मतं तेव्हा कर्नल त्याच्यासाठी नवीन नाव शोधत बसत नाही. पालकाचं आहे तेच त्याला चिकटवतो. एक नंबर मात्र नवा देतो. कर्नलचा सगळा व्यवहार त्या नंबरावर चालतो, नाव आपलं माणसांना वाचायला.

मग ते मूल आपलं स्वतःचं काम हातात घेतं, म्हणजे वेगळा प्रोग्रॅम स्वतःत भरून घेतं, तेव्हा कुठे कर्नल त्या प्रोग्रॅमच्या फाइलवरून त्याला नाव देतो. नंबर तोच राहतो. आणि नावही पूर्ण ठेवत नाही हा. आमच्या सर्व्हरवर पंधरा इंग्रजी अक्षरांची जागा आहे. नाव लांब असलं तर पहिली पंधरा ठेवायची, उरलेली टाकून द्यायची. कुणाला विचारत नाही, सांगत नाही. मूल स्वतःचं काम घ्यायच्या आधीच पडलं, तर यादीत पालकाच्याच नावाने पडतं. नवीन माणूस ते बघतो आणि ओरडतो, “मॅडम, मेन प्रोग्रॅम गेला!” मेन प्रोग्रॅम आपला सुखात असतो. गेलेलं असतं ते एक बिननावाचं पोर.

हे मी एका सकाळी बोर्डवर समजावत होते, आणि मधेच थांबून पाणी प्यायला गेले. मशीनचं माणसाला लावू नये, एवढं कळतं मला. पण डोकं ऐकत नाही ना.

आता आमच्या सरांबद्दल सांगायला हवं. कंपनी त्यांची. वयस्कर, सज्जन, मुळातले कोकणातले, आणि देवभोळे म्हणजे किती! लग्नपत्रिकेवर जसं कुलदेवीचं नाव सगळ्यात वर येतं, तसं आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावात ते आधी यायलाच हवं. पुढे श्री, मागे प्रसन्न, आणि त्यानंतर शाळेचं नाव. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवीच पंधराच्या वर जायची. म्हणजे कर्नलने काय केलं असेल? पंधरा अक्षरं देवीची ठेवली आणि शाळा उडवली. यादी उघडली की वरपासून खालपर्यंत देवीच देवी! कल्याणची शाळा कुठली, ठाण्याची कुठली, कळायची सोय नाही. पूर्ण नाव बघायला वेगळी खटपट करावी लागायची. मी कितीदा सांगितलं, “सर, देवी मागे घेऊ या, शाळा पुढे.” तर म्हणाले, “अगं, देवाला मागे टाकून धंदा होतो का?” मी हात टेकले.

बाळाच्या हृदयापाशी एक बारीकशी वाट असते, जन्मल्यावर ती आपोआप बंद व्हायला हवी. हिची होईना. डॉक्टर औषधं देऊन थकले, आणि शेवटी ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी मी सुट्टी टाकलेली. पण सकाळी कळलं की ऑपरेशन दुपारनंतर, म्हटलं घरी बसून पाय हलवण्यापेक्षा ऑफिसात जावं, हॉस्पिटल तिथून रिक्षाने जवळच तर आहे. आईला कुणी बसल्या बसल्या पाय हलवलेला खपत नाही, घरात भांडणं होतात म्हणे. भांडणं काय, ती तशीही होत होती.

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला वहिनीचा फोन आला.

“ताई, तिला लवकर नेतायत. नेण्याआधी एकाला आत सोडणार आहेत. मला अजून उभं राहवत नाही, आणि ह्यांचं तर तुम्हाला माहितीये.”

“येते मी. निघालेच.”

“ताई…” ती थांबली. मागे कसल्यातरी मशीनची पीं पीं चाललेली. “नाव घेऊन या. आईंना काय सांगायचं ते मी बघते. बिननावाची नको जाऊ दे तिला आत.”

मी फोन ठेवला. पर्स उचलली, वळले, आणि सरांच्या टेबलावरून आवाज आला, “अरेच्चा! हे काय झालं?”

झालं असं, की कल्याणच्या एका शाळेचा प्रोग्रॅम अडकलेला. बस केव्हाची पुढे गेलेली आणि मोबाईलवर ती पत्रीपुलावरच उभी दिसत होती. पालकांचे फोन सुरू झाले. मी फोनवर आहे बघून सर म्हणाले, मीच बंद करून चालू करतो. आधी त्यांनी पूर्ण नाव लिहून मशीनला बंद करायला सांगितलं. कर्नलकडे पूर्ण नाव आहे कुठे! सापडलं नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी स्क्रीनवर जेवढं दिसत होतं तेवढंच लिहिलं, ती पंधरा अक्षरं, आणि बटण दाबलं. देवीच्या नावाने जे जे चालू होतं ते सगळं एका दमात बंद झालं. ठाणे गेलं, डोंबिवली गेली, कल्याण गेलं, आणि या सगळ्यांना जन्म देणारा मुख्य प्रोग्रॅमही गेला, कारण त्याच्याही कपाळावर देवीच.

गाळ्यातला प्रत्येक फोन वाजायला लागला. शाळा सुटलेल्या, पोरं बसमध्ये, आणि आयांच्या मोबाईलवर बसच नाही. त्या बायकांना काय वाटत असेल ते मला नीट कळत होतं, आणि नेमकं त्याच वेळी मला निघायचं होतं. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसले.  मुख्य प्रोग्रॅम चालू केला. त्याने एकेक मूल काढायला सुरुवात केली, आणि ती यादी भरत चालली, सगळी एकाच नावाची. मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर गं बायांनो, घ्या आपापलं काम. एकेक शाळा जागी झाली. एक पोरगी ओरडली, “मॅडम, डोंबिवली दिसली!” तिकडे फोन कमी व्हायला लागले. ती कल्याणची अडलेली शाळा मात्र परत अडकली.

मी उठले. सर म्हणाले, “अगं, हे अर्धवट टाकून कुठे?”

“सर, माझ्या भाचीला ऑपरेशनला नेतायत. मला तिचं नाव ठेवायचंय.”

मी हे ओरडून बोलले असणार, कारण सगळा गाळा माझ्याकडे वळून बघायला लागला. सरांनी चष्मा काढला. “अजून ठेवलं नाहीस? मग इथे काय करतेयस? जा! मी बघतो.” मी म्हटलं, “नावाने नका हो बंद करू काही, नंबराने करा.” आणि पळाले.

रिक्षावाला पहिला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसऱ्याच्या रिक्षात मी विचारायच्या आधीच बसले. माजिवड्याच्या अलीकडे सगळं ठप्प. मेट्रोच्या कामाचे पत्रे, कंटेनर, हॉर्न. मी त्याला म्हटलं, “दादा, काहीतरी करा ना.” तो म्हणाला, “ताई, उडू का?” बरोबर होतं त्याचं. त्याच्या हातात पैसे कोंबले आणि उतरून चालत सुटले, मग धावत. साडी नव्हती म्हणून बरं. पुलाखालून जाताना त्या नावाची मला अचानक भीतीच वाटली. आई म्हणते ते खरं असलं तर? मी ते तोंडातून काढलं आणि काही झालं, तर आयुष्यभर कुणाचं तोंड बघू?

सिस्टरने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन दिला, टोपी दिली, मास्क दिला. “स्ट्रेचर येतंय, पटकन. हात नका लावू. बोला हवं तर.”

पेटीच्या बाजूला एक गोल खिडकी असते, ती तिने उघडून दिली. मी वाकले. तिचा कान सोललेल्या वालाच्या दाण्याएवढा होता. एवढ्याशा कानात कुर्र करायचं कसं? मास्कमधून तो आवाजच निघेना, नुसतीच फुरफुर. दुसऱ्यांदा निघाला. आणि मी तिला तिचं नाव सांगितलं. तिने काही डोळे उघडले नाहीत, हसली नाही, असलं काही झालं नाही. नाकातली नळी, छातीची धडधड, सगळं होतं तसंच. पण मला एकदम हलकं वाटलं. आता हिला कुणीही कुठेही नेलं, तरी ही कुणाचीतरी बेबी म्हणून जाणार नव्हती.

तेवढ्यात पाठीत कुणीतरी धपाटा घातला. हळूच, पण धपाटाच. मी दचकून वळले. सिस्टर उभी, डोळ्यांत पाणी आणि मास्कमागे हसत असावी. “आत्याला मारावं लागतं ना,” ती म्हणाली. “आमच्याकडे पण मारतात.” आणि मग मात्र मला रडू आवरेना. तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

वर वहिनीकडे गेले. ती उशीला टेकून बसलेली. “सांगितलंत?” मी मान हलवली. नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. “आत्ता नको. ह्यांना विचारू दे. त्यांनी विचारलं की आम्ही दोघं एकदमच ऐकू. त्यांच्या आधी मला नको.” मी म्हटलं, “अगं, त्याचं काय धरून बसतेस? तो भित्रा आहे.” ती म्हणाली, “माहितीये मला. तरी पण.” भाऊ खाली पायऱ्यांवर होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, त्याने काही विचारलं नाही. आईला संध्याकाळी कळलं, आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतरचे काही दिवस इतके बरे गेले की मला आता त्यांचाच राग येतो. वजन वाढलं. भाऊ एकदा काचेपर्यंत आला, उलटा फिरला, पण आला. आईने जुन्या मऊ सुती साडीची झबली शिवली. मी रोज जाऊन त्या गोल खिडकीतून तिला नावाने हाक मारायचे, कुणी ऐकत नसताना. मग तिला कसलंसं इन्फेक्शन झालं. एका सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी गेले तर पडदा ओढलेला होता.

एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत, मी गेले. कुणी अडवलं नाही. भावाने तिला दोन्ही हातांवर नेलं. तोंड मात्र तिकडे नव्हतं त्याचं.

आई म्हणाली असती, बघ, म्हणून सांगत होते. मी वाट बघत होते तिने म्हणायची, म्हणजे भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली नाही. ठाकुर्लीला आई आणि भावाच्या त्या घरात सगळे एकमेकांना चुकवत फिरायचे. भाऊ कामावर जायचा, यायचा, जेवायचा. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. आणि ते नाव अजून माझ्या एकटीच्याच तोंडात. कधी बसमध्ये, कधी भाजी घेताना ते ओठांवर यायचं आणि मी दात दाबून धरायचे. स्वतःहून सांगून टाकावं असं किती वेळा वाटलं. वहिनीचा शब्द मोडवेना.

ऑफिसात यादी बघताना एक गोष्ट मला तेव्हा सहन होईना. एखादी प्रोसेस मरते, तिचं काम संपतं, तिची जागा रिकामी होते, पण यादीतून तिचं नाव आणि नंबर जात नाही. जोवर तिचा पालक येऊन कर्नलला विचारत नाही, माझ्या मुलाचं काय झालं, तोवर कर्नल तिला तशीच ठेवतो. दुसऱ्या कुणी विचारून चालत नाही. कर्नलकडून दुसरं काही करून घेता येत नाही, मेलेलीला परत मारताही येत नाही. आधी मला अशा प्रोसेस दिसल्या की पालकाला शिव्या घालायचे, निष्काळजी मेला म्हणून. आता त्या ओळी दिसल्या की मी स्क्रीन बंद करून चहाला खाली जायचे.

मग एका रविवारी दुपारी मी तिकडे गेलेले तर भाऊ बाल्कनीत बसून झबली घडी करत होता. वहिनीच्या मैत्रिणीला द्यायची होती. आई आत पडलेली, वहिनी भांडी घासत होती. मी त्याच्यासमोर बसले आणि घड्या घालायला लागले. त्याने शेवटचं झबलं हातात घेतलं आणि ते उलटंसुलटं करत राहिला. घडी करेना, ठेवेना.

“ताई,” तो म्हणाला, “काय ठेवलेलंस गं?”

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

मी सांगितलं. त्याने ते नाव हळूच म्हणून बघितलं. मग परत म्हटलं, जरा मोठ्याने, आणि यावेळी त्याच्यापुढे स्वतःचं नाव लावलं, आणि त्यापुढे आमचं आडनाव. वहिनी ओल्या हातांनी दारात उभी राहून ऐकत होती.